घरातलं छोटं एक्स्चेंज: आयएसडीएन ॲडॉप्टर नेमकं काय करायचा?

स्टुटगार्टला लागून असलेल्या फेलबाखमध्ये गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका मराठी जोडप्यानं जुनं घर विकत घेतलं. किल्ली मिळाल्यावर पहिल्याच रविवारी नवऱ्याचा फोन आला. "दादा, तळघरात विजेच्या मीटरशेजारी एक पांढरा डबा आहे, त्यावर एनटीबीए लिहिलंय. त्यातून एक वायर निघून दुसऱ्या डब्यात जाते. त्या दुसऱ्याला फोनची तीन सॉकेटं आहेत आणि प्रत्येकावर पेनानं लिहिलेली चिठ्ठी आहे: ओमा (आजी), ब्युरो (ऑफिस), फॅक्स. दोन्ही उचकटून टाकू ना?"

पहिला काढ, दुसरा ठेव, असं मी सांगितलं. तो दुसरा डबा म्हणजेच आयएसडीएन ॲडॉप्टर. का, ते फोनवर समजावता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आयएसडीएन म्हणजे आपल्याकडच्या पिवळ्या बूथवरचं आयएसडी नव्हे. मी २००१ मध्ये जर्मनीतून घरी कळवलं होतं, की माझ्याकडे आयएसडीएन लाइन आली. तेव्हा वडिलांनी शेजाऱ्यांना सांगितलं, की मुलाच्या घरात आयएसडी घेतलंय, बिल भरता भरता थकेल. आयएसडी म्हणजे परदेशी फोन लावण्याची सोय. आयएसडीएन हा फोनच्या तारेचाच वेगळा प्रकार आहे. मुंबईत एमटीएनएलही तो द्यायचं, पण आपल्याकडे त्याचं गिऱ्हाईक मुख्यतः कंपन्या, बँका आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवाले. जर्मनीत मात्र तो सामान्य माणसाच्या घरात शिरला. तिथे १९८९ मध्ये त्याची अधिकृत सुरुवात झाली आणि नव्वदच्या दशकात टेलिकॉम या तिथल्या फोन कंपनीनं तो इतक्या जोरात विकला, की लोकांनी त्या चार अक्षरांचा नवा विस्तार केला: 'इस्ट सोवास देन न्यॉटिग?' म्हणजे, 'असलं काही खरंच लागतं का?'

तार तीच, बोली वेगळी

साध्या लँडलाइनमध्ये तुमच्या आवाजाची जशी लाट, तशीच विजेची लाट तांब्याच्या दोन तारांवरून एक्स्चेंजपर्यंत जाते. तिथे पोचल्यावर डिजिटल एक्स्चेंज त्या लाटेचं सेकंदाला ८,००० वेळा माप घेतं आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितं. आठ हजार गुणिले आठ म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. पुढे पुण्याहून नागपूर असो की हॅम्बुर्गहून म्युनिक, आवाज आकड्यांच्या रूपातच प्रवास करतो आणि शेवटच्या एक्स्चेंजमध्ये त्याची पुन्हा लाट होते. म्हणजे एक्स्चेंजांच्या मधला सगळा रस्ता डिजिटल झाला होता. जुना राहिला होता तो फक्त शेवटचा, गल्लीतला तुकडा.

आयएसडीएननं तो तुकडाही डिजिटल केला, आणि तोही नवी तार न टाकता. त्याच दोन तांब्याच्या तारांवर ६४ किलोबिटच्या दोन वाटा केल्या, त्यांना म्हणायचं बी चॅनल. शिवाय १६ किलोबिटची एक अरुंद वाट, डी चॅनल. दोन बी असल्यामुळे एकाच तारजोडीवर घरातली दोन माणसं एकाच वेळी दोन वेगवेगळ्या ठिकाणी बोलू शकत. डी चॅनलवरून बोलणं जात नाही, बोलण्याबद्दलचं बोलणं जातं: अमुक नंबर तमुक नंबरला फोन करतोय, उचलला, ठेवला, दुसरा कॉल वाट पाहतोय. सगळा आयएसडीएन कळायला खरं तर हा डी चॅनल कळला तरी पुरे.

आता अडचण बघा. तुमच्या घरातला साधा फोन फार परावलंबी असतो. त्याला स्वतःची वीज नसते, ती एक्स्चेंजकडून तारेवरून येते, साधारण ४८ व्होल्ट. रिसीव्हर उचलल्यावर ऐकू येणारी 'टूंऽऽ' फोनची नसते, एक्स्चेंजची असते. घंटी वाजवायला एक्स्चेंज तारेवर ७५ व्होल्टच्या आसपासचा, सेकंदाला २५ हेलकाव्यांचा वीजप्रवाह सोडतं. (लँडलाइनची उघडी तार हातात असताना नेमका फोन आला, तर जो झटका बसायचा तो हाच.) बटणं दाबल्यावर निघणारे सूर ऐकून नंबर ओळखणं, रिसीव्हर ठेवला हे ताडणं, जाणारा आणि येणारा आवाज वेगळा करणं, हेसुद्धा तिकडेच होतं.

आयएसडीएनच्या तारेवर यातलं काहीच येत नाही. ना टोन, ना घंटीचा करंट. डी चॅनलवर फक्त एक निरोप येतो. साध्या फोनला तो निरोप म्हणजे बहिऱ्यापुढे गाणं.

म्हणून मध्ये ॲडॉप्टर. जर्मनीत त्याला ए/बी ॲडॉप्टर म्हणत, कारण तिथले तंत्रज्ञ साध्या फोनच्या दोन तारांना ए आणि बी म्हणतात. लोक त्याला 'कन्व्हर्टर' समजत, आणि आवाजाचे आकडे व आकड्यांचा आवाज करणं हे त्याचं काम होतंच. पण ते सोपं काम. जड काम बाकीचं. टोन तो देतो, घंटी तो वाजवतो, वीज तो पुरवतो, बटणांचे सूर ओळखून डी चॅनलवरचा निरोप तो लिहितो. गावातल्या एक्स्चेंजच्या इमारतीत तुमच्या एका लाइनसाठी जेवढं चालायचं, तेवढं सगळं आता चपलेच्या खोक्याहून लहान डब्यात, तुमच्या घरच्या विजेवर.

हे एकदा ध्यानात आलं, की जोडणीतल्या निम्म्या भानगडी आपोआप उलगडतात. एकच उदाहरण देतो. 'टोन येतोय, म्हणजे लाइन चालू आहे' हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. पण बऱ्याच ॲडॉप्टरांत बाहेरची तार काढून ठेवली तरी टोन येतच राहतो, कारण तो डब्याचा स्वतःचा टोन असतो. त्यावरून एवढंच कळतं, की डबा जिवंत आहे.

जोडायचा कसा

भिंतीवर टीएई नावाचं जर्मन सॉकेट. त्यात एनटीबीए लावायचा. हा डबा म्हणजे फोन कंपनीच्या हद्दीचा शेवट आणि तुमच्या हद्दीची सुरुवात. बाहेरच्या दोन तारांचं तो आत चार तारांत रूपांतर करतो. त्या चार तारांच्या आतल्या वाटेला जर्मन लोक एस-नुल बस म्हणतात. एनटीबीएच्या खालच्या अंगाला इंटरनेटच्या वायरसारखी दिसणारी दोन सॉकेटं असतात. त्यातल्या कुठल्याही एकात ॲडॉप्टरची वायर, आणि ॲडॉप्टरच्या पोर्टांत साधे फोन. जोडणी एवढीच. खरी डोकेदुखी यानंतर सुरू व्हायची.

एनटीबीएला विजेची वेगळी वायरही असते. लोक ती इमानेइतबारे प्लगमध्ये खुपसत. ॲडॉप्टरला स्वतःची वीज असेल, तर तिची गरज नसते, कारण एनटीबीएला स्वतःपुरती वीज एक्स्चेंजकडून मिळते. ती वायर लागते, ती थेट बसवर लावलेल्या आणि स्वतःची वीज नसलेल्या आयएसडीएन फोनांना पोसायला.

बसवर जास्तीत जास्त ८ उपकरणं लावता येतात. घरभर वायर फिरवून खोल्याखोल्यांत सॉकेटं काढायची असतील, तर अगदी शेवटच्या सॉकेटात १०० ओहमचे दोन रेझिस्टर बसवावे लागतात. नाहीतर सिग्नल तारेच्या टोकाला आपटून परत येतो आणि नव्या सिग्नलमध्ये मिसळतो. रिकाम्या हॉलमध्ये बोलताना आपलाच आवाज आपल्या बोलण्यावर पडतो, तसं. पण ॲडॉप्टर लहान वायरनं सरळ एनटीबीएमध्ये लावला असेल, तर या रेझिस्टरांच्या नादी लागू नये. मी लागलो होतो, एक अख्खा शनिवार घालवला, आणि अखेर दोष निघाला फोनच्या वायरीत.

त्या वायरीची गोष्ट सांगतो, कारण भारतातून आलेल्या बऱ्याच जणांना ती नडली. मी पुण्याहून बटणांचा एक फोन सोबत नेला होता. त्याच्या वायरीला टोकाला छोटा प्लास्टिकचा चौकोनी प्लग, आत बारीक तारा, मधल्या दोनांवर लाइन. जर्मन टीएई प्लग वेगळाच, जाड आणि चपटा. म्हणून दुकानातून एका टोकाला टीएई आणि दुसऱ्या टोकाला तो छोटा प्लग अशी वायर आणली. बसली नीट, पण फोन मुका. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या वायरींत काहींमध्ये लाइन मधल्या तारांवर येते, काहींमध्ये बाहेरच्या. वायर बदलली आणि फोन बोलू लागला. त्यात टीएई सॉकेटही दोन जातींची: एफ खाचेची फोनसाठी, एन खाचेची फॅक्स, मोडेम आणि आन्सरिंग मशीनसाठी. फोनचा प्लग एनमध्ये जातच नाही. जोर लावू नका, तो न जाण्यासाठीच तसा केलाय.

नंबर: ज्याचा फोन त्यालाच घंटी

आयएसडीएन घेतलं की सहसा तीन नंबर मिळत, जास्तीत जास्त दहापर्यंत घेता येत. तार एक, नंबर तीन. या प्रत्येक नंबराला जर्मनीत एमएसएन म्हणत. कॉल आला, की डी चॅनलवरचा निरोप बसवरच्या सगळ्या उपकरणांना एकदमच ऐकू येतो. वाड्याच्या चौकात उभा राहून पोस्टमन नाव पुकारतो, आणि ज्याचं असेल तो 'ओ' देतो, तसा प्रकार. त्यामुळे ॲडॉप्टरला सांगून ठेवावं लागतं, की पहिल्या पोर्टनं कुठल्या नावाला ओ द्यायची आणि दुसऱ्यानं कुठल्या.

सांगायचं कसं? त्याच साध्या फोनचा रिसीव्हर उचलायचा आणि पुस्तिकेत दिलेला चांदणी, चौकट नि आकड्यांचा मंत्र दाबायचा. प्रत्येक बनावटीचा मंत्र निराळा. पुढे यूएसबीचे ॲडॉप्टर आले आणि हे काम कॉम्प्युटरवरून होऊ लागलं, तेव्हा कुठे पुस्तिका हरवण्याची भीती गेली.

इथे सगळ्यांच्या हातून होणारी चूक एकच: नंबर एरिया कोडसकट भरणं. स्टुटगार्टचा कोड ०७११. एक्स्चेंज निरोपात कोड न लावता नुसता नंबर पाठवतं. तुम्ही कोडसकट भरला, तर ॲडॉप्टर दोन्ही ताडून बघतो, जुळत नाही म्हणून गप्प बसतो. बाहेर फोन लागतो, आलेला वाजत नाही. आणि काहीच भरलं नाही, तर बहुतेक ॲडॉप्टरांत उलटं होतं: कुठलाही नंबर येवो, सगळे फोन एकसाथ कोकलतात.

जाणाऱ्या कॉलसाठीही हाच नंबर कामाला येतो. समोरच्याला कुठला नंबर दिसावा आणि बिलात खर्च कुठल्या नंबराखाली पडावा, हे त्यावरून ठरतं. घरून थोडंफार कामकाज करणाऱ्यांना हे फार सोयीचं होतं. मी एक नंबर फक्त भारतातल्या मंडळींना दिला होता. त्याचं कारण प्रेमळ वगैरे नव्हतं. पुण्यात सकाळी सात वाजता आंघोळ-चहा आटोपून आई फोनपाशी बसायची, तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि थंडीत अडीच वाजलेले असत. तो नंबर मी आन्सरिंग मशीनच्या पोर्टला बांधून टाकला होता.

दुसरी मेख कॉलच्या प्रकाराची. डी चॅनलवरच्या निरोपात नुसता नंबर नसतो, कॉल कशाचा आहे तेही असतं: बोलणं, फॅक्ससारखा तारेवरचा आवाज, की निव्वळ डेटा. कॉम्प्युटरचा डेटा कॉल आला तर फोननं वाजायचंच नाही, ही त्यामागची चांगली कल्पना. पण त्यासाठी प्रत्येक पोर्टवर फोन आहे, फॅक्स आहे की दोन्ही, हे ॲडॉप्टरला सांगावं लागे. पोर्ट 'फॅक्स' म्हणून ठेवून त्यावर फोन लावला, तर काही कॉल येत आणि काही येत नसत, आणि माणूस फोन बदलत बसे. शंका असेल तर 'दोन्ही' निवडावं.

आणि ते फ्लॅशचं बटण. जर्मन फोनांवर त्याजागी आर असतं. बोलता बोलता दुसरा कॉल घ्यायला ते दाबायचं. हे बटण प्रत्यक्षात लाइन क्षणभर तोडतं. काही फोन ती अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ तोडतात, तर ॲडॉप्टरची अपेक्षा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासची. त्याहून बराच जास्त वेळ लाइन तुटली, की त्याला वाटतं फोन ठेवला. माझ्या पुण्याच्या फोनवर दुसरा कॉल घ्यायला गेलं, की पहिला कटायचा. चकतीच्या जुन्या फोनांची तर आणखी पंचाईत, कारण बरेच ॲडॉप्टर फक्त बटणांचे सूर ओळखत आणि चकतीची टकटक त्यांना कळत नसे.

इंटरनेटसाठी

ज्या ॲडॉप्टरांना कॉम्प्युटरचं टोक होतं, ते मोडेमसारखं काम करत. पण मोडेमची ती किर्रर्र-घर्रर्र नसे. मोडेमला अर्धा मिनिट एकमेकांची चाचपणी करावी लागे, कारण आकड्यांचा आवाज करून तो जुन्या तारेवरून पाठवायचा असे. आयएसडीएनवर आकडे आकडेच राहतात, त्यामुळे एक-दोन सेकंदांत जोडणी. वेग एका बी चॅनलवर ६४ किलोबिट, म्हणजे ५ एमबीची फाइल यायला दहा मिनिटं. दोन्ही बी जुंपले तर १२८ किलोबिट. पण जुंपणं म्हणजे दोन फोन एकाच वेळी लावून ठेवणं, आणि मिनिटाचा आकार असेल तर तोही दुप्पट. त्यात घरचा फोन एंगेज. हिशोब करून बघितल्यावर माझी ती हौस आठवड्यात फिटली.

शिवाय ॲडॉप्टर जुन्या सीरियल पोर्टला लावलेला असेल, तर १२८ पूर्ण मिळतही नसत. तो पोर्ट साधारण ११५ किलोबिटला थांबतो आणि दर ८ बिटांमागे दोन बिट सुरुवात-शेवटाच्या खुणांत घालवतो. म्हणजे कामाचे सेकंदाला साडेअकरा हजार बाइट, जेव्हा तारेवरून सोळा हजार येऊ शकतात. म्हणून लोक यूएसबीचा ॲडॉप्टर किंवा कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं कार्ड घेत. बर्लिनच्या एव्हीएम कंपनीचं फ्रिट्झकार्ड तेव्हा घरोघरी दिसे. आणि जोडणी होऊनही पान उघडत नसेल, तर प्रोटोकॉल, म्हणजे आकडे पाठवण्याची ठरलेली पद्धत, बघायचा. काही ॲडॉप्टर एक्स.७५ वर ठेवलेले असत, जो जुन्या मेलबॉक्सांना, म्हणजे थेट फोन लावून वापरायच्या संगणकी फलकांना, लागे. इंटरनेट कंपनीला एचडीएलसीवरचं पीपीपी हवं असे. दोघं फोन उचलतात, पण एक कानडीत बोलतो आणि दुसरा बंगालीत.

१९९९ मध्ये ७६८ किलोबिटचं डीएसएल आलं आणि हा उद्योग मागे पडला. आयएसडीएन मात्र तारेवरून हटलं नाही. जर्मनीनं डीएसएलची अशी जात निवडली, जी खालच्या फ्रिक्वेन्सी आयएसडीएनला सोडून वरून सुरू होते. म्हणून त्या काळच्या घरांत टीएई सॉकेट आणि एनटीबीए यांच्यामध्ये स्प्लिटर नावाचा तिसरा डबाही सापडतो.

वीज गेली तर

ॲडॉप्टरची एक बाजू विकणारे सांगत नसत. महाराष्ट्रात लोडशेडिंगच्या दिवसांत पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं बंद पडलं तरी लँडलाइन चालू असे, कारण तिची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून यायची. ॲडॉप्टर आला आणि ही सवलत गेली. घरची वीज गेली की डबा मेला, आणि डब्यावरचे सगळे फोन मेले. आयएसडीएनमध्ये आणीबाणीची एक सोय होती: वीज गेली की एनटीबीए बसवरचे वीजध्रुव उलटे करतो आणि खास तसा ठरवून दिलेला एकच आयएसडीएन फोन एक्स्चेंजच्या विजेवर चालू राहतो. वीज अर्ध्या वॉटहूनही कमी, म्हणून फोन एकच. पण तो थेट बसवरचा आयएसडीएन फोन हवा, ॲडॉप्टरमागचा साधा फोन नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरलांड भागात ओल्या बर्फाच्या ओझ्यानं विजेचे मनोरे कोसळले आणि अडीच लाखांच्या आसपास लोक अंधारात गेले, काही ठिकाणी कित्येक दिवस. त्या बातम्या वाचल्यावर मी दोनशे रुपयांच्याही लायकीचा वाटणार नाही असा एक सेकंडहँड आयएसडीएन फोन आणून बसवर लावला. त्याची कधी गरज पडली नाही.

मग तो डबा ठेवायचा कशाला?

२०१० च्या दशकात जर्मनीत फोन हळूहळू इंटरनेटच्या तारेवर गेला आणि आयएसडीएनच्या लाइनी बंद होत गेल्या. तळघरातल्या एनटीबीएला आता कुणी निरोप पाठवत नाही, म्हणून तो काढायचा. स्प्लिटर असेल तर तोही, आणि राउटर थेट टीएईला लावायचा.

पण बऱ्याच जर्मन राउटरांत, विशेषतः थोड्या जुन्या फ्रिट्झबॉक्समध्ये, मागे एस-नुलचं सॉकेट असतं. तिथे राउटर एनटीबीएचं सोंग घेतो. इंटरनेटवरून आलेला कॉल आयएसडीएनच्या बोलीत घरातल्या बसवर पुकारतो. त्यात ॲडॉप्टर लावला की साधे फोन पुन्हा चालतात. एक किंवा दोनच फोन असतील तर याची गरज नाही, राउटरला साध्या फोनची स्वतःची सॉकेटं असतात आणि त्यांच्यामागे हेच छोटं एक्स्चेंज आत बसवलेलं असतं. फेलबाखच्या घरात मात्र तीन मजल्यांवर भिंतीतून तीन वायरी आधीच गेल्या होत्या आणि त्या ॲडॉप्टरमध्ये येऊन मिळत होत्या. भिंती फोडण्यापेक्षा डबा ठेवणं स्वस्त.

त्यानं राउटर लावला, बस जोडली, आणि संध्याकाळी पुन्हा फोन. "दादा, तिन्ही फोनना टोन आहे. तिन्हींवरून बाहेर कॉल लागतो. पण आलेला कॉल फक्त फॅक्सच्या पोर्टवर वाजतो. ओमा आणि ब्युरो ढिम्म."

"त्या दोन पोर्टांत कुठले नंबर आहेत?"

"मी कुठे काय भरलंय?"

तू नाही, आधीच्या मालकांनी भरलेत. आजीच्या आणि ऑफिसच्या पोर्टला आपापला नंबर बांधून ठेवला होता, फॅक्सचा तेवढा कोरा. पुस्तिका त्याला इंटरनेटवर मिळाली. दोन्ही पोर्टांवरचे जुने नंबर पुसून, ०७११ न लावता, त्यानं आपला नंबर भरला. मग मी इकडून फोन केला. तिसऱ्या मजल्यावर ओमाच्या पोर्टवर त्याच्या आईनं उचलला आणि आधी विचारलं, जेवलास का?